दस्तीखालचा सौदा

"फोन माझ्या पिशवीत राहील," शिवकन्याबाई म्हणाल्या, "आन् दुकानाची किल्ली तुमच्या खिशात. दोन दिवसांत एक जरी सौदा केलात, तर ती किल्ली सोमेशच्या हातात द्यायची. कबूल?"

मल्लिनाथअप्पांनी मान हलवली. न हलवून करतात काय? आठवड्यापूर्वी डॉक्टर त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून आकडा बघत होते, तेव्हा अप्पा दुसऱ्या हातानं कानाला फोन लावून हरभऱ्याचा भाव करत होते. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि औषध लिहून दिलं, पण खरं औषध शिवकन्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. यांना मोंढ्यातून उचला आणि दोन दिवस जिथं कसला आवाज नाही अशा जागी नेऊन ठेवा, म्हणाले.

अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अप्पांची आडत वडिलांच्या वेळची. सकाळी गादीवर बसलं की हमालांची हाक, ट्रॅक्टरची घरघर, भावावरून हुज्जत, यात अप्पांना अंगाई ऐकल्यासारखं बरं वाटायचं. मुलगा सोमेश लातुरात शिकून आला होता. त्याला डाळ पाकिटात भरून विकायची होती, दुकानात कॉम्प्युटर आणायचा होता. पोरगं गुणाचं होतं, नाही असं नाही. पण आपण धडधाकट असताना आपल्या गादीवर दुसरं कुणी बसलंय, आणि आपण घरात टीव्हीसमोर शेंगा सोलतोय, हे चित्र नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी अप्पांचा रक्तदाब वाढायचा. म्हणून किल्ली त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून दोनदा चाचपली.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. अप्पा धंदा शिकले तो जमाना दस्तीखालच्या सौद्याचा. हातरुमालाला आपल्याकडं दस्ती म्हणतात. दोघा व्यापाऱ्यांच्या हातावर दस्ती टाकायची आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव बोलायचा. एक बोट धरलं की शंभर, सगळा पंजा धरला की पाचशे, मनगट धरलं की हजार, आणि तळहातावर अंगठा दाबला की सौदा पक्का. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. पुढं ते बंद झालं, उघड बोली आली. पण अप्पांच्या बोटांना हे कुणी कळवलंच नव्हतं. जेवताना, देवळात, एसटीत, ती आपली चालूच असत. झोपेतसुद्धा तुमचा हात जागेवर नसतो, अशी शिवकन्याबाईंची जुनी तक्रार होती. अप्पा ती कानाआड करायचे.

किनवटच्या पुढं डोंगरात सागाच्या जंगलात एक घर होतं. कौलारू, पुढं लांब ओसरी, चहूबाजूंनी झाडं. राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता, बस्स, बाकी काही नाही. शिवकन्याबाईंनी ते सोमेशच्या फोनवर शोधून ठरवलं होतं. संध्याकाळी गाडी पोचली तेव्हा घरमालकीण धम्मप्रिया पुढं आली, पाणी दिलं, खोली दाखवली. तिचे मालक किनवटला गॅसची टाकी आणायला गेले होते. चहा देता देता तिनं घराचा एकुलता एक नियम सांगितला.

"सकाळी नाश्ता होईस्तोवर हितं कुणी बोलत न्हाई. आमचे हे तवर मागं ध्यानाला बसतात. नाश्ता झाला की ते घंटी वाजवतात. मंग दिवसभर काय बोलायचं ते बोला."

"लई चांगलं," शिवकन्याबाई म्हणाल्या, आणि अप्पांकडं असं बघितलं की हा नियम त्यांनीच करून घेतलाय असं वाटावं.

अप्पांनी संध्याकाळ कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. फोन नाही. टीव्ही नाही. बायको स्वयंपाकघरात धम्मप्रियाशी गप्पा मारत बसलेली. मधूनच दोघींचं हसणं ऐकू यायचं. लोणच्याचं काहीतरी चाललं असेल, असं म्हणून अप्पा ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. एका झाडाखाली उभे राहिले, दुसऱ्या झाडाखाली उभे राहिले. झाडं काही बोलेनात. शांतता म्हणजे नुसता आवाज नसणं एवढंच त्यांना वाटलं होतं. ती अशी अंगावर येऊन बसते याची कल्पना नव्हती. शेवटी कंटाळून ते लवकर आडवे झाले. त्यानंतर कधीतरी आणखी एक गाडी आली, शेजारच्या खोलीत सामान ठेवल्याचा आवाज झाला, तोवर अप्पा घोरत होते.

सकाळी उजाडायच्या आत डोळे उघडले. अंघोळ झाली, लिंगपूजा झाली. आता पुढं काय? मोंढ्यात या वेळी पहिला ट्रॅक्टर लागलेला असतो. इथं एक पान पडलं तर त्याचाही आवाज यायचा. अप्पांनी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि अंगण झाडून काढलं. तरी वेळ सरेना. मग ओसरीच्या टोकाला त्यांना पोती दिसली.

तुरीची पोती. भिंतीला कशीतरी टेकवलेली, तोंडाची सुतळी सैल, एक तर पार कलंडलेलं. आडत्याला हे बघवेना. त्यांनी पोती सरळ केली, थप्पी लावली, सुतळ्या सोडून नीट बांधल्या. बांधता बांधता चार दाणे हाताला लागले. एक दाणा दाताखाली धरला, कट्ट वाजला. वाळलेली, टपोरी, डोंगरउताराची गावरान तूर. अशी तूर अप्पांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्यांचा हात शिवशिवू लागला. त्यांनी तो बंडीच्या खिशात घातला तर आत किल्ली लागली. हात लगेच बाहेर काढून ते मोरीवर तोंड धुवायला गेले. तोंड मघाशीच धुतलं होतं, पण गेले.

परत येतात तर पोत्यांपाशी एक माणूस उभा. लुंगी, बंडी, खांद्यावर दस्ती, पोट सुटलेलं. त्यानं पोत्यात बोट घालून दाणे काढले, तळव्यावर घोळवले, फुंकर मारली, एक दाताखाली धरला. स्वतःच्या घरात असल्यासारखा निवांत उभा होता. अप्पांनी ओळखलं, हाच घराचा मालक.

आता खरी गोष्ट अशी की तो मालक नव्हता. तो लोह्याचा डाळव्यापारी रामकिशन. त्यालाही त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, याच कारणासाठी इथं आणून टाकलं होतं. रात्री आलेला पाहुणा तो, खोली धम्मप्रियानं दाखवलेली, मालकाला त्यानं अजून बघितलं नव्हतं. त्यानं सकाळी खिडकीतून बघितलं तर एक गृहस्थ अंगण झाडतोय, पोत्यांची थप्पी लावतोय, सुतळ्या बांधतोय. असं परक्याच्या घरी कोण करतं? त्यानंही ओळखलं, हाच घराचा मालक. आणि नाश्ता होईस्तोवर बोलायचं नाही, म्हणजे 'तुमी कोण' हे विचारायचीही सोय नाही.

ओसरीवर सतरंजी टाकली होती. एका बाजूला शिवकन्याबाई बसल्या. समोर अप्पा बसले, आणि त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून रामकिशन. सरजाबाईला हातावर हात ठेवून बसवेना, म्हणून ती चुलीपुढं धम्मप्रियाला भाकरी थापू लागत होती. अप्पांना वाटलं घरातलीच कुणी असेल. धम्मप्रियानं ताटं आणली. गरम भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. अप्पांनी वरण चाखलं आणि डोळे मिटले. डाळ अशी होती की ती सोडून उठणं पाप झालं असतं.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा रामकिशन त्यांच्याकडं बघत होता. मग रामकिशननं पोत्यांकडं बघितलं. मग पुन्हा अप्पांकडं. यात शब्द लागत नाहीत. मोंढ्यातली दोन माणसं जगाच्या पाठीवर कुठंही एकमेकांना ओळखतात. रामकिशननं खांद्यावरची दस्ती काढली, तोंड पुसलं आणि मांडीवर पसरली. अर्धी स्वतःच्या, अर्धी अप्पांच्या.

जित्याची खोड हो. अप्पांचा डावा हात त्यांना न विचारताच दस्तीखाली गेला.

अप्पांनी सुरुवातीला बाजाराच्या बऱ्याच खालचा भाव दाबला. घेणाऱ्यानं असंच करायचं असतं, मग विकणारा वर ओढतो. पण रामकिशनची समजूत अशी झाली की विकणारा स्वतःच एवढं कमी मागतोय. तो आतून हरखला. पण पहिल्याच आकड्याला हो म्हणणारा व्यापारी कसला? त्यानं आणखी खालचा भाव दाबला.

अप्पांना आपल्या बोटांवर विश्वास बसेना. विकणारा माणूस आणि भाव खाली आणतोय? मग त्यांना घरातलं ते ध्यान आठवलं. माणूस संसारातून उठलेला दिसतो, पैशाची आसक्ती सुटलेली असणार. खात्री करून घ्यावी म्हणून ते आणखी उतरले. रामकिशन त्याच्याही खाली उतरला. सौदा म्हणजे रस्सीखेच. इथं दोघंही एकाच बाजूला ओढत होते आणि भाव घरंगळत चालला होता. आधी मनगट सुटलं, मग पंजा सुटला, मग एकेक बोट कमी होत गेलं. तूर शेंगदाण्याच्या टरफलाच्या किमतीला आली तेव्हा अप्पांना घाम फुटला. त्यांनी आयुष्यात कुणा शेतकऱ्याला बुडवलं नव्हतं. बिचाऱ्याला भाव माहीत नाही, पैसे देताना आपण वाढवून देऊ, असं मनाशी ठरवून त्यांनी तळहातावर अंगठा दाबला. त्याच क्षणी रामकिशनचाही अंगठा दाबला गेला. सौदा पक्का.

"तुमाला ठसका लागलाय का?" असं शिवकन्याबाईंनी भुवयांनी विचारलं. अप्पांनी मानेनं नाही म्हणून भाकरीत तोंड घातलं.

सौदा झाला की घेणाऱ्यानं इसार द्यायचा, म्हणजे बोलणं मागं फिरत नाही. अप्पांनी बंडीतून पाचशेची नोट हळूच काढून दस्तीखाली सरकवली. तिथं त्यांच्या हाताला दुसरीच एक नोट लागली. मालक इसार परत करतोय, किती हा सज्जनपणा, असं म्हणून अप्पांनी आपली नोट पुन्हा पुढं ढकलली. पलीकडून ती मागं आली. दस्तीखाली उंदीर शिरल्यागत हालचाल सुरू झाली. समोर धम्मप्रिया वरण वाढायला वाकलेली, शिवकन्याबाईंची नजर खाली उतरत चाललेली. शेवटी दोघांनीही एकदमच हाताला आली ती नोट मुठीत घेतली आणि खिशात घातली. म्हणजे अप्पांची रामकिशनकडं गेली आणि रामकिशनची अप्पांकडं आली, आणि इसार दिला म्हणून दोघंही खूश झाले.

आता घंटी वाजायची वाट. अप्पांच्या अंगात मुंग्या शिरल्या होत्या. पोती न्यायला टेम्पो लागेल, टेम्पोला फोन लागेल, फोन बायकोच्या पिशवीत. टेम्पो कुठून आला हे बायकोला काय सांगायचं? तूर विकत घेतली नाही, बक्षीस मिळाली म्हणावं का? कसला आराम आणि कसली शांतता. छाती अशी धडधडत होती की डॉक्टरांचा पट्टा तुटला असता.

घंटी वाजली. घरामागून पांढऱ्या सदऱ्यातला एक सडपातळ माणूस आला, सगळ्यांना हात जोडले.

"या, बसा," अप्पा सौद्याच्या आनंदात होते. "तुमी कोण्या गावचे पाहुणे?"

"मी सुगत. हितलाच," तो माणूस हसून म्हणाला. "घर माझंच हाय की, अप्पा."

अप्पांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी शेजारी बघितलं. शेजारचाही त्यांच्याकडंच बघत होता.

"मंग तुमी कोण?" अप्पांनी हळू विचारलं.

"म्या लोह्याचा रामकिशन. डाळीचा व्यापार हाय आपला. तुमी मालक न्हाई?"

"मी अहमदपूरचा आडत्या."

"मंग म्या तूर घेतली ती कुणाची?"

"तुमी घेतली? तूर तर मी घेतली."

"म्या इसार देलाय."

"इसार मी दिलाय."

दोघांनीही पुरावा म्हणून खिशात हात घातले आणि एकेक नोट बाहेर काढली. त्या दोन नोटांकडं बघता बघता झाला प्रकार दोघांच्याही ध्यानात आला. शहाण्या माणसांनी इथं हसून विषय सोडला असता. पण तूर समोर होती, मालक समोर होता, आणि मुख्य म्हणजे आता बोलायला परवानगी होती.

रामकिशन सुगतकडं वळून एक भाव बोलला. अप्पा त्याच्यावर बोलले. रामकिशन आणखी वर गेला. मघाशी दस्तीखाली जो भाव पाताळात गेला होता तो आता उघड्यावर झाडाच्या शेंड्याला लागला. बाजार मागं राहिला तरी दोघं थांबेनात. अप्पा पोत्यावर चढून उभे राहिले, कारण बोली उंचावरून लावायची सवय. सागावरची पाखरं उठून पलीकडच्या डोंगरावर गेली. सरजाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि नवऱ्याकडं बघून दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली, तर कपाळही पांढरं झालं.

सुगतनं घंटी उचलून पुन्हा वाजवली. गप्प करण्यासाठी ती त्यानं बहुतेक पहिल्यांदाच वाजवली असावी. ओसरीवर पुन्हा चिडीचूप झालं. अप्पा पोत्यावर, एक हात वर, तसेच. आणि तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की समोर आपली बायको बसली आहे.

"दादा हो," सुगत शांतपणे म्हणाला, "तूर तर कालच विकली. म्हणून तर राती पोती ओसरीवर आणून ठेवली."

"कुणाला?" दोघांनी एकदम विचारलं.

सुगतनं बायकोकडं बघितलं. धम्मप्रियानं शिवकन्याबाईंकडं बघितलं. शिवकन्याबाई बशीतला चहा फुंकत होत्या. एक घोट घेऊन त्यांनी बशी खाली ठेवली.

"मी घेतली," त्या म्हणाल्या. "सोमेशला डाळीच्या पाकिटांसाठी गावरान तूर पायजेच होती. बाजारापरीस थोडा वरचाच भाव दिला. माल तसा हाय."

अप्पा पोत्यावरून उतरले. खरं तर बायकोच्या पोत्यावरून. "तू सौदा केलास?" त्यांचा आवाज चिरकला. "हितं सौदा करायचा न्हाई असं ठरलं होतं न्हवं?"

"वचन तुमी दिलं होतं. मी कुठं दिलं होतं?"

सरजाबाई पदरात तोंड घालून हसली. रामकिशननं अप्पांची नोट अप्पांना दिली, अप्पांनी रामकिशनची रामकिशनला दिली, आणि नजर चुकवून तो आपल्या खोलीत निघून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दोघांनी हात झाकून करून दाखवलं होतं.

उन्हं वर आल्यावर नवरा-बायको घरामागच्या पायवाटेनं थोडं वर गेले. एक मोठा खडक होता, त्यावर बसले. खाली कौलारू घर, ओसरीवर ती पोती. अप्पांनी त्यांच्यावरून नजर काढली. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून किल्ली काढली आणि बायकोपुढं धरली. वडिलांच्या हातून ती ज्या दिवशी घेतली तो दिवस त्यांना आठवत होता.

"घे. दे सोमेशला," ते म्हणाले. "बसतो मी घरात शेंगा सोलत."

शिवकन्याबाईंनी किल्ली घेतली आणि कमरेला खोचली. मग पदराचं टोक पुढं घेतलं, अप्पांच्या रिकाम्या हातावर टाकलं, आणि पदराखाली त्यांचं एक बोट दाबलं.

अप्पांना आधी काही कळेना. "हे काय?"

"आठवड्यातून एक दिवस गादीवर बसायचं. बाकीचे दिवस सोमेश बसंल. बोला, तुमचा भाव काय?"

अप्पा बायकोकडं बघत राहिले. तिचं बोट जिथं पडायला हवं होतं तिथंच पडलं होतं, नवख्यासारखं चाचपडलं नव्हतं. त्यांनी नकळत पंजा धरला. पाच दिवस. तिनं दोन बोटं दाबली. त्यांनी चार धरली. तिनं हात काढून घेतल्यासारखं केलं, अगदी मोंढ्यातल्या मुरलेल्या व्यापाऱ्यासारखं, आणि मग पुन्हा पुढं आणून तीन दाबली.

"थांब, थांब," अप्पा म्हणाले. "दस्तीखालचं बोलणं तुला कुणी शिकवलं? हे तर मी सोमेशलाबी शिकवलं न्हाई."

"तुमीच," शिवकन्याबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून झोपेत माझा हात धरून भाव करून राहिलात की. आधी आधी घाबरायची मी. मंग कळाय लागलं. कोण्या दिवशी तूर चढली, कोण्या दिवशी सोयाबीन पडलं, मला सकाळच्या आत ठाऊक असायचं. काल धम्मप्रियाला सांगितलेला भाव कुठून आला वाटतं तुमाला?"

इतकी वर्षं ज्या हाताशी आपण व्यापार केला तो हात आपण एकदाही नीट पाहिला नव्हता, असं काहीतरी अप्पांना वाटलं, आणि ते वाटून डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी उन्हावर ढकललं.

"पण एक हाय," शिवकन्याबाई पुढं म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एकदाबी तुमी सौदा पुरा केला न्हाई. भाव जुळत आला की कूस बदलता."

पदराखाली तिची तीन बोटं अजून अप्पांच्या बोटांवर होती. खाली जंगलात काही हलत नव्हतं, कुठं पान वाजत नव्हतं, आणि या वेळी ते अप्पांना खुपलं नाही. त्यांनी तिचा तळहात सरळ केला आणि त्यावर अंगठा दाबला.